रिकामा डबा परत द्यायचा नाही

पलंगाखाली पालथा पडून छत्रीच्या मुठीने डबे बाहेर ओढत होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी होतो तिथेच, जळमटाला नाक लावून, श्वास रोखून पडून राहिलो.

"भाऊजी, आहात ना घरात?" समोरच्या शेटे वहिनींचा आवाज.

मी जळमटात आणखी नाक खुपसलं.

"चपला बाहेर आहेत म्हणून विचारते."

आता चपला बाहेर आणि माणूस घरात नाही, हे कसं जमायचं? घाईघाईने उठायला गेलो तर पलंगाची फळी टाळक्यात बसली, आणि माझ्या पायाचा धक्का लागून एक मोठा स्टीलचा डबा ठणठण करत थेट दारापर्यंत गेला.

"आहेत, आहेत," बाहेर वहिनी स्वतःशीच म्हणाल्या.

मी दार उघडलं. डोक्यावर जळमट, हातात छत्री, बाहेर स्वच्छ ऊन. वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पण बाई शहाणी, छत्रीचं काही विचारलं नाही. हातातला डबा पुढे केला. "मेथीची भाजी आणि भाकरी. गरम आहे तोवर खा."

"वहिनी, माझं जेवण झालंय."

"सकाळी सकाळी?"

"म्हणजे... व्हायचंय अजून."

"मग झालं तर! धरा."

मी डबा धरला. दार लावलं. आणि कपाळावर हात मारून घेतला, कारण उठल्यापासून पलंगाखालचे डबे कमी कसे करायचे या विवंचनेत मी होतो आणि आता त्यात आणखी एकाची भर पडली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण आधी एक सांगतो, असं लपून बसणं माझ्या रक्तात नाही. मी भालचंद्र खैरमोडे. कराडच्या एसटी स्टँडवर माझी सगळी नोकरी माईकसमोर गेली. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, पाटणला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," हे मी एवढ्या दणक्यात सांगायचो की साताऱ्याच्या गाडीत डुलक्या काढणारी माणसं दचकून खाली उतरायची. घरातही तोच सूर. कुमुद म्हणायची, "अहो, मी स्वयंपाकघरात आहे, पाटणला नाही."

कुमुद म्हणजे माझी बायको. ती गेली, आणि माझा आवाजच गेला. घसा ठणठणीत होता, पण बोलायचं कोणाशी? भिंतीला काय सांगणार, गाडी लागली म्हणून?

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि डबे सुरू झाले. आमची बिल्डिंग छोटी, पण माणसांचा हात सैल. शेटे वहिनींची भाजी, तळमजल्यावरच्या तांबोळी भाभींचा पुलाव, वरून कोणाची आमटी, कोणाचं थालीपीठ. मी खायचो. खोटं कशाला बोलू, बोटं चाटून खायचो. डबा घासायचो, पुसायचो, लख्ख करायचो. आणि तिथे गाडी अडायची.

लग्न झाल्यापासून मी घरात एकच काम केलं होतं, ते म्हणजे डबे पोचवणं. शेजारून काही आलं की कुमुद तो डबा घासून त्यात काहीबाही घालायची, झाकण लावायची आणि माझ्या हातात द्यायची. "द्या नेऊन. रिकामा डबा परत द्यायचा नसतो." आत काय आहे हे मी कधी बघितलं नाही. गाडी सोडणं आपलं काम, आत कोण बसलंय ते कंडक्टरने बघावं.

एकदा तिला बरं नव्हतं तेव्हा मी म्हणालो होतो, "दुकानातले पेढे घालून देऊ का?"

"विकतचं? ही घ्या तुमच्या भाजीची किंमत, असं तोंडावर मारल्यासारखं दिसेल ते."

"मग केळी?"

"ते काय दवाखान्यात पडलेत?"

म्हणजे पेढे बाद, केळी बाद. घरी केलेलंच पाहिजे. आणि मला चहा सोडला तर काही येत नव्हतं. चहाबद्दलही लोकांची मतं वेगवेगळी होती.

तरी पहिल्यांदा मी हिंमत केली. शेटे वहिनींच्या डब्यात उपमा करून दिला. तो डब्यात असा काही बसला की शेटेंनी म्हणे उलथन्याच्या दांड्याने फोडून काढला. आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा वांग्याच्या भाजीने भरून पुन्हा माझ्या दारात! "उपमा छान होता हो," वहिनी म्हणाल्या. मागे शेटे उभे होते, दाढ चोळत.

त्या दिवसापासून मी डबे पलंगाखाली सारायला लागलो. जिना मोकळा बघून खाली उतरायचं, चाहूल घेऊन वर यायचं. कोणी भेटलं तर डब्याचा विषय निघेल ही धास्ती. पण निघाला कधीच नाही. डबे येतच राहिले. बिल्डिंगमधलं स्टील संपत आलं असावं, कारण पुढे पुढे वहिनी श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यातून भाजी आणायच्या. आणि मी तेही धुऊन पलंगाखाली.

आता खरी अडचण सांगतो. माझी मुलगी वृषाली हैदराबादला असते. तिचा फोन आला होता, "अण्णा, रविवारी सकाळी पोचते. बॅग भरून ठेवा. तुम्हाला घेऊन जाणार आहे."

"मला काय धाड भरलीय? मी मजेत आहे इथे."

"जेवता काय?"

"सगळं करतो."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे... सगळं."

"अण्णा, मी येऊन बघणार आहे. तुमचं तुम्ही निभावताय असं दिसलं तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर मुकाट्याने चलायचं."

पोरीची माया आहे, मला कळत होतं. पण मला जायचं नव्हतं. इथे कुमुदच्या हातची तुळस होती, संध्याकाळी नदीवर प्रीतिसंगमाला आम्ही बसायचो तो कट्टा होता, खिडकीतून स्टँडचा गलका ऐकू यायचा. हैदराबादला अकराव्या मजल्यावर मी कोणाच्या गाडीची वाट बघू? आणि वृषालीने पलंगाखाली डोकावलं की खेळ खलास. साऱ्या बिल्डिंगचे डबे बघून कुठलंही शेंबडं पोर सांगेल की हा म्हातारा शेजाऱ्यांच्या जिवावर जगतोय.

वहिनींची मेथी आली तो दिवस शनिवार. डबे त्याच दिवशी घरातून गेले पाहिजेत, आणि भरून गेले पाहिजेत. मी ठरवलं, शिरा. एकदाच काय तो दणदणीत शिरा करायचा आणि सगळे डबे एका फेरीत मोकळे.

आता शिऱ्याला रवा किती लागतो? विचारायचं कोणाला? मी नोकरीभर हिशोबात राहिलेला माणूस. जेवढ्या सीटा तेवढी माणसं. सगळे डबे ओळीने मांडले आणि दुकानातून आणलेला रवा प्रत्येक डब्यात काठोकाठ भरून बघितला. एका डब्याला एक डबा रवा. कमी पडला म्हणून पुन्हा दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "खैरमोडे साहेब, घरात कार्य आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

माळ्यावरून सत्यनारायणाच्या प्रसादाचं मोठं पातेलं काढलं. तुपात रवा परतला. वास खमंग सुटला, मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! मग उकळतं पाणी ओतलं. रव्याने ते गटकन पिऊन टाकलं आणि फुगला. घट्ट झाला म्हणून आणखी पाणी ओतलं. आणखी फुगला. पुन्हा पाणी. पातेलं भरलं, तसा अर्धा शिरा कुकरमध्ये काढला. कुकर भरला. परात भरली. कढई भरली. घरात होती नव्हती ती साखर घातली, ती या डोंगरात कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही. अंगाला शिरा, भिंतीला शिरा, चष्म्याच्या काचेवर शिरा.

संध्याकाळपर्यंत सगळे डबे चेपून चेपून भरले, श्रीखंडाचेसुद्धा, तरी निम्म्याहून जास्त शिरा गॅसवर होताच. मग शेवटी ओट्याखालचं कपाट उघडलं. कुमुद गेल्यापासून ते उघडलंच नव्हतं. आत तिचे डबे, एकात एक बसवलेले. प्रत्येकावर नाव कोरलेलं, सौ. कुमुद भालचंद्र खैरमोडे. लग्नातले, मंगळागौरीतले, भिशीतून घेतलेले. मी तिथेच फरशीवर बसलो. नावावरून बोट फिरवत राहिलो, कितीतरी वेळ. मला तिची फार आठवण आली. मग मागे शिरा फदफदला, एक गरम गोळा मानेवर येऊन बसला, आणि ओरडत उठावंच लागलं.

तिचेही डबे भरले. सगळे जिन्याच्या कठड्यापाशी नेऊन ठेवले. पण पोचवायचे कसे? गुडघे माझे असे, जिना तसा, घरात गॅस चालू, आणि खालचा शिरा करपायला लागलेला. मी कठड्याला धरून उभा राहिलो. एका डब्यावरचं नाव वाचलं. घसा खाकरला. आणि काय झालं कोण जाणे, आतून आपोआप आलं.

"रहिवाशांनी इकडे लक्ष द्यावे!"

जिना दणाणला. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"तळमजल्यावर जाणारा, 'जुबेदा हिस मामूंकडून', हा डबा जिन्यात उभा आहे! संबंधितांनी त्वरित घेऊन जावे!"

खालून तांबोळी भाभींचा आवाज आला, "या अल्ला! खैरमोडे दादा बोलले! अहो, ऐकलं का? दादा बोलले!"

"'कै. गोदूबाई शेटे यांच्या स्मरणार्थ', पहिला मजला, समोरचं दार! डबा सुटण्याच्या तयारीत आहे!"

दारं धडाधड उघडली. कठड्यावरून माणसं वाकून बघायला लागली. शेटे बनियनवरच बाहेर आले. मला आता थांबवणार कोण? मी एकेक डबा उचलत होतो आणि कोरलेलं नाव वाचत होतो. एक डबा मात्र कोणाचा ते कळेना.

"'चि. बंडू यास मुंजीनिमित्त मामाकडून'! चि. बंडू कुठे असतील तिथून जिन्यापाशी यावे! चि. बंडू यांचे नातेवाईक त्यांची वाट पाहत आहेत!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बिल्डिंगमध्ये बंडू कोणीच नव्हता. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून कॉलेजातले डांगे सर हळूहळू खाली आले. एकटे राहणारे, टक्कल पडलेले, अतिशय गंभीर गृहस्थ. कधी कोणाशी अवाक्षर बोलले नव्हते. एकदा माझ्या दारात खिचडी ठेवून, बेल वाजवून कोणी पळून गेलं होतं, ते हेच हे आत्ता कळलं.

"तो मीच," ते म्हणाले.

काय हशा पिकला! स्वतः डांगे सरही हसले. तेव्हापासून ते बिल्डिंगचे बंडू सर झाले.

ज्यांची घरं मोठी त्यांना कुमुदच्या डब्यातून जास्तीचा शिरा दिला. शेटे वहिनींनी जिन्यातच एक घास खाल्ला. "छान झालाय हो, भाऊजी," म्हणाल्या आणि घास गिळायला जरा वेळ घेतला.

त्या रात्री मी पलंगाखाली वाकून बघितलं. स्वच्छ, मोकळं. छत्री तेवढी राहिली होती.

सकाळी वृषाली आली. पोरीने बॅग ठेवली न ठेवली तोच ती घरभर फिरून पलंगाखाली डोकावली. ही माझीच मुलगी, शंका नको. काही सापडलं नाही म्हणून स्वयंपाकघरात गेली.

"अण्णा, हे भिंतीवर काय आहे?"

"शिरा. काल केला. मी सगळं करतो, तुला म्हटलं नव्हतं?"

तिने पातेल्यातला घास तोंडात टाकला. चेहरा बदलला. "ह्यात साखर कुठाय?"

"घातलीय की. होती तेवढी."

"आणि एवढा पातेलंभर कोणासाठी?"

मी फडक्याने भिंत पुसायला लागलो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तांबोळी भाभी, हातात कुमुदचा डबा. "दादा, शेवया आणल्या. तुमचा डबा रिकामा कसा द्यायचा?" त्या जायच्या आत मागे दुसरं कोणी, मग तिसरं. कोणाच्या डब्यात कोथिंबिरीच्या वड्या, कोणाच्या डब्यात मसालेभात. डांगे सर आले, डब्यात उकडलेली अंडी. "खिचडी सोडली तर मला एवढंच येतं," म्हणाले आणि या खेपेला पळून न जाता खुर्चीत बसले. शेटे वहिनी पुरणपोळ्या घेऊन आल्या. टेबल भरलं, टीपॉय भरला, टीव्हीवरसुद्धा डबे. सौ. कुमुद भालचंद्र खैरमोडे, सौ. कुमुद भालचंद्र खैरमोडे. आईच्या नावाचे डबे एकेक करून दारातून आत येत होते आणि वृषाली पदराआड तोंड करून बघत होती.

मग झाकपाक करण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. पलंगाखालचे डबे, उपमा, मोजून घेतलेला रवा. "काय करणार, रिकामा डबा देता येत नाही, आणि मला काही करता येत नाही. म्हणून शिरा."

वृषालीने कपाळावर हात मारला. "अण्णा! डब्यात चिमूटभर साखर घालायची फक्त! काही नसलं घरात तर चिमूटभर साखर घालून देतात. आई घाईत असली की तेच करायची. तुम्हीच तर पोचवायचात!"

मी उभा होतो तो खाली बसलो. चिमूटभर साखर! त्यापायी मी महिनोन्महिने पलंगाखाली सरपटत होतो? कोणीच कसं बोललं नाही? मी शेटे वहिनींकडे वळलो. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"अहो, हे कोणाला माहीत नसतं?"

"मग मला सांगितलं का नाही?"

वहिनी पुरणपोळ्यांच्या डब्याचं झाकण काढून परत लावायला लागल्या. तांबोळी भाभींनी त्यांना कोपराने ढोसलं. "सांग ना मालन. आता काय त्याचं?"

वहिनींनी डोळे पुसले. "कुमुदताईंनी नको म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यात होत्या ना शेवटी, तेव्हा. माझा हात धरून म्हणाल्या, 'मालन, ह्यांना साखरेचं सांगू नकोस हं. कळलं तर हे सगळ्यांचे डबे एका सकाळी साखर घालून वाटून टाकतील आणि दार लावून आत बसतील. राहू देत डबे अडकून. स्वयंपाक नाही आला तरी चालेल, पण दार उघडं राहिलं पाहिजे.'"

कुमुद गेली त्या दिवशी मी चारचौघांत रडलो नव्हतो. त्या सकाळी रडलो, लाज सोडून, मोठ्याने. माझ्या आवाजात रडलो म्हणजे स्टँडपर्यंत गेलं असणार. मरायला टेकलेली बाई, आणि तिला घोर माझ्या दाराचा! डांगे सरांना काय करावं ते सुचेना. त्यांनी एक अंडं सोलून माझ्या हातात दिलं. मी रडत रडत खाल्लं.

"म्हणजे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं?" मी नाक पुसत विचारलं.

"मला नव्हतं," डांगे सर म्हणाले. "साखरेचं आत्ताच कळलं."

वृषाली उठली. माझी बॅग तिने पलंगावर काढून ठेवली होती. ती उचलून परत कपाटावर टाकली.

"का ग?" मी विचारलं.

"तुम्हाला घेऊन जायचं म्हटलं तर हे एवढे सगळे डबे परत कोण करणार?" ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि खांद्यावर डोकं ठेवलं. "सुट्टी पडली की मी येत जाईन, अण्णा. मला आधी वरणभात शिकवू द्या तुम्हाला."

जायच्या आधी तिने वरणभात शिकवला. आमटी शेटे वहिनींनी शिकवली, पुलाव तांबोळी भाभींनी. अंडी मी आणि बंडू सर दोघं मिळून उकडतो. शिरा मात्र मी पुन्हा करू नये असं बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सर्वानुमते ठरलंय आणि मी ते मानलंय.

परवाच वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. त्यांच्याकडून डबा आला, साबुदाण्याची खिचडी. आज माझ्या घरी करायला धड काही नव्हतं, गुडघा धरला होता, वेळही नव्हता. शेवटी भाजणी काढून थालीपीठ लावलं, एका बाजूने जरा करपलं, तरी डब्यात घातलं आणि कठड्याला धरून धरून वर नेऊन दिलं. चहा घेऊनच खाली आलो.

साखरेची बरणी ओट्यावरच असते, हाताशी. चहाला लागते. पण आजवर कोणाच्या डब्यात मी ती घातलेली नाही.